आईची भांडी आणि त्यांच्यावरची नावं

सदाशिव पेठेतला आमचा वाडा रिडेव्हलपमेंटला जायचं शेवटी नक्की झालं, सह्या झाल्या, आणि आईला दोन-तीन वर्षं तरी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहावं लागणार हे ठरलं तेव्हा आम्हा भावंडांना सामानापेक्षा आईचीच काळजी जास्त होती. आई 84 वर्षांची आहे. 1963 ला लग्न होऊन या दोन खोल्यांत आली ती इथेच. गेल्या काही वर्षांत तिचं विसरणं वाढलंय, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, मावशीचा फोन येऊन गेला तरी "तिचा फोन का नाही आला गं" असं चारचारदा विचारते. डॉक्टरांनी सांगितलेलं की विस्मरणाची सुरुवात आहे, जागा बदलली की अशा माणसांचा गोंधळ वाढतो, तेव्हा जमेल तेवढं ओळखीचं सामान बरोबर न्या, पलंग, घड्याळ, देव्हारा आत्ता आहे तसाच मांडा.

सल्ला अगदी बरोबर, पण ओळखीचं सामान म्हणजे नेमकं कुठलं? सगळंच ओळखीचं. आणि त्यातलं निम्मं पोटमाळ्यावर, जिथे आई गेली कित्येक वर्षं चढलेली नाही. तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी परात, हंडे-कळश्या, शकुंतला भांडं, पुरणयंत्र, पितळेचा सोऱ्या, जर्मनची (म्हणजे अॅल्युमिनियमची) पातेली, फुलपात्रांची चळत, आणि एका ट्रंकेत तर नुसते डबेच डबे. फ्लॅट वन बीएचके. पुण्यामुंबईत सध्या इतके वाडे नि चाळी पाडतायत की हे घराघरात चालू असणार, म्हणून आम्ही काय केलं ते जरा सविस्तर लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

बेंगळुरूच्या दादाचं म्हणणं होतं की सगळ्याचे फोटो काढू, छान अल्बम करू आणि वस्तू देऊन टाकू. वाईट काहीच नव्हतं त्यात, पुढे फोटो खूप कामालाही आले. पण आईला विचारलं "यातलं काय ठेवायचं?" की ती म्हणायची "ठेवा तुम्हाला हवं ते" आणि उठून गॅलरीत जाऊन बसायची. आता मला वाटतं तो प्रश्नच तिला पेलणारा नव्हता. समोर तीस-चाळीस वस्तू, त्यातून निवडायचं म्हणजे आधी सगळ्या डोक्यात धरायच्या, तुलना करायची, मग ठरवायचं, आणि नेमकं हेच तिला आता जमत नाही. शिवाय निवड म्हणजे उरलेल्याला नकार, तोही तिच्या तोंडून वदवून घ्यायचा.

गाडी हलली ती माझ्या मामेबहिणीमुळे. ती एका रविवारी आली आणि म्हणाली आधी घासू तर सगळं, काळं पडलेलं कोण ओळखणार. मोरीपाशी पाट टाकून आईला बसवलं, चिंच भिजवली, थोडी रांगोळी घेतली (आमच्याकडे एरवी पितांबरीच असते पण आईने चिंचच मागितली) आणि एक गडू तिच्या हातात दिला. आईने तो नुसता उजळला नाही, घासता घासता बुडाशी बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा आप्पांचा. कडेला पोचा आहे बघ, मी विहिरीवर आपटला होता." पोचा होता, खरंच होता, आम्ही कुणी आजवर पाहिलेलाच नव्हता.

तिथून आम्ही पद्धतच बदलली. वस्तू दाखवायची नाही, हातात द्यायची. एका वेळी एकच. आणि "आठवतंय का?" हा प्रश्न बंद. हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून परत लिहिते, विसरणाऱ्या माणसाला "आठवतंय का" विचारणं म्हणजे परीक्षा घेणं, उत्तर आलं नाही की ते माणूस खजील होतं आणि गप्प बसतं. त्याऐवजी "यात काय करायचात?", "हे कुठल्या फळीवर असायचं?", "याला कल्हई लागायची का?" असलं विचारलं की हात आधी बोलतात आणि मग तोंड. डॉक्टरांनी नंतर समजावलं तेव्हा कारण कळलं, नुकतं घडलेलं आधी पुसट होतं, जुनं बरंच टिकतं, आणि हाताला बसलेली कामं, म्हणजे वाती वळणं, भाकरी थापणं, भांडं घासणं, ही मेंदूत वेगळ्याच ठिकाणी साठवलेली असतात त्यामुळे ती आणखी उशिरापर्यंत राहतात.

जुन्या वस्तू हातात देऊन मागच्या आठवणी अशा बोलत्या करायच्या याला स्मरणोपचार म्हणतात आणि त्याच्यावर अभ्यास झालेत हेही तेव्हाच कळलं. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1963 मध्ये लिहिलं होतं की म्हातारपणी मागचं परत परत आठवणं ही भ्रमिष्टपणाची खूण नाही, माणूस आपल्या आयुष्याची जुळवाजुळव करत असतो. त्याआधी डॉक्टर लोकसुद्धा अशा बोलण्याला फारसं उत्तेजन देत नसत. (1963, आईच्या लग्नाचं वर्ष!) आता यातून विस्मरण बरं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 2018 साली कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) केलेल्या आढाव्यात डिमेन्शियाच्या, म्हणजे या विस्मरणाच्या आजाराच्या, रुग्णांवर याचे परिणाम लहान आणि सगळीकडे सारखे नाहीत असंच निघालंय, काही ठिकाणी बोलणं-मिसळणं आणि एकूण जगणं थोडं सुधारलेलं दिसलं, एवढंच. आमचाही अनुभव तोच. आईची स्मरणशक्ती परत आली नाही. पण ती बोलायला लागली, आणि दुपारभर चिडचिड करत बसायची ते कमी झालं.

आता नावांबद्दल. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे ती किती मोठी गोष्ट आहे हे मला या सगळ्यात कळलं. नवीन स्टीलवर मशीनने टिंबटिंब घातलेलं असतं ते आपण सगळ्यांनीच बघितलंय, तुळशीबागेत भांडं घेतलं की दुकानदार विचारतोच नाव घालायचं का. जुन्या पितळेवर छिन्नीने ठोकून घातलेलं असायचं, अक्षर वाकडंतिकडं, मात्रा कुठेतरी भलतीकडेच. पण त्यात सगळं असतं, कुणी दिलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं, कधी दिलं. "विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट". "मंगळागौर". "मुंजीप्रीत्यर्थ". कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. आईच्या ट्रंकेत आमच्या दोन पिढ्यांचे मुंजी, लग्नं, डोहाळजेवणं, वास्तुशांती, सगळ्यांच्या तारखा होत्या. एवढी नोंद आमच्या घरातल्या एकाही कागदावर नाही.

आणि कागद का नाहीत, तर पानशेत.

आईचं माहेर नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नाही. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि ते पाणी पोटात घेऊन खडकवासल्याचंही फुटलं तेव्हा आई वीस वर्षांची होती. ही गोष्ट पुण्यातल्या त्या पिढीच्या सगळ्यांकडे असते, आम्हीही शंभरदा ऐकलेली होती, नेहमीच्याच ओळींत, म्हणजे लोक ओरडत आले, पाणी आलं पाणी आलं, आजीने देव पदरात घेतले आणि सगळे उंचावरच्या पेठांकडे पळाले. तेवढीच. पण एक चेपलेला पितळी डबा हातात दिला त्या दिवशी आईने त्यापुढचं सांगितलं, जे आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर ती वडिलांबरोबर घरी आली. खाली गुडघाभर चिखल, त्यात धान्य भिजून कुजायला लागलेलं, त्याचा वास. खडकवासल्याचं धरणच गेल्यामुळे नळाला पाणी नाही, सगळीकडे चिखल आणि धुवायला पाणीच नाही. दाराशी बादली घेऊन रांगेत उभं राहायचं. ट्रंका उघडल्या तर कपड्यांचा लगदा, पुस्तकं फुगून बसलेली, फोटो तर बोट लावलं की रंग बोटाला. आईचा लहानपणचा एकही फोटो आमच्याकडे नाही तो यामुळे. शाळेचे दाखलेसुद्धा वडिलांनी मागाहून परत काढले. आणि भांडी गल्लीभर. कुणाची परात कुणाच्या अंगणात, कुणाचा हंडा कोपऱ्यावर चिखलात रुतलेला. मग लोकांनी काय केलं तर सापडेल ते भांडं एका ओट्यावर आणून ठेवायचं, पुसायचं आणि नाव वाचायचं. नाव असेल त्याच्या घरी पोचतं करायचं. नाव नसलेल्यांचा वेगळा ढीग, तो बरेच दिवस तसाच पडून होता म्हणे, घ्यायला कुणाला धीरच होईना. हा डबा दोन गल्ल्या पलीकडून कुणीतरी आणून दिला, कारण त्यावर आईचं नाव होतं. आईचं स्वतःचं, माहेरचं नाव, तिच्या आत्याने संक्रांतीला दिलेला म्हणून तिच्या नावाने घातलेलं.

दादाचा फोटोंचा प्रस्ताव आईला का पटत नव्हता ते मला त्या दिवशी समजलं. तिच्या अनुभवात कागद जातो आणि पितळ राहतं. ती असं बोलून दाखवणार नाही, पण बघा ना, तिच्या वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा पुरावा म्हणून जगात आता दोन डबे, एक गडू आणि एक फुलपात्र एवढंच आहे.

नावाचं आणखी एक. लग्नात आईचं नाव बदललं, ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं तसं, तेव्हा सगळ्यांचंच बदलायचे. (दोन्ही नावं इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही.) रेशनकार्डावर, बँकेत, आधारवर, सगळीकडे सासरचं नाव. माहेरच्या नावाने हाक मारणाऱ्यांपैकी आता एक मावशी उरलीये. ते नाव आज लिहिलेलं फक्त त्या चार भांड्यांवर आहे. आई त्यावर अंगठा फिरवते आणि वाचते, डोळ्यांना धड दिसत नाही तरी वाचते, कारण ते खोदलेलं आहे ना, बोटाला लागतं. कुणी म्हणेल म्हातारं माणूस भंगारात जीव अडकवून बसलंय. मला असं म्हणणाऱ्यांचा खरंच राग येतो. स्वतःचं नाव जिथे शिल्लक आहे ती जागा धरून ठेवणं यात अडकणं काय आहे?

आम्ही वही केली, साधी दोनशेपानी. प्रत्येक भांड्याला एक पान, वर फोटो चिकटवला, खाली भांड्यावरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, आणि खाली आई जे बोलली ते तिच्या शब्दांत. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचो, पण फोन तिच्यासमोर धरायचा नाही, दिसला की ती भाषण दिल्यासारखं बोलते. भाचीने रेकॉर्डिंगना वहीतल्या पानाचे नंबर दिले, त्यामुळे आता सापडतात. ऊन उतरल्यावर, चहा झाल्यावर बसायचं, तिची मान जरा कलली की बंद.

दोन गोष्टी यात ध्यानात आल्या. एक म्हणजे ती सगळ्यात जास्त बोलली ती साधारण 1955 ते 70 मधल्या भांड्यांबद्दल. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले हे सगळ्याच वयस्कांत दिसतं, दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे सर्वात दाट राहतात, नवं घर, लग्न, पहिलं मूल, सगळं पहिल्यांदाच घडत असतं. आमच्या जन्मानंतरच्या स्टीलच्या डब्यांबद्दल तिला फारसं काही सांगायचं नव्हतं, मिक्सर-फ्रीजबद्दल तर काहीच नाही.

दुसरं म्हणजे आठवण आणि भांड्यावरचा मजकूर नेहमी जुळत नाहीत. एक परात तिने ठामपणे लग्नातली म्हणून सांगितली आणि मागे स्पष्ट लिहिलेलं मंगळागौर, 1964. चेपलेल्या डब्याबद्दल तर मावशी फोनवर म्हणाली की डबा पुरात गेलाच नव्हता, तो फळीवर वर राहिला होता, चिखलातून आला तो दुसरा. मामेबहिणीचा जीव खालीवर, खरं काय ते शोधून काढू. मी म्हटलं दोन्ही लिही. उजव्या पानावर आईचं, डाव्या पानावर मावशीचं, तारखेसह. आईला आम्ही एकदाही दुरुस्त केलं नाही, काय मिळणार होतं त्यातून, ती काही कोर्टात साक्ष द्यायला बसली नव्हती.

सोन्याबद्दल सगळ्यांना वाटलं होतं की तिथे ती हळवी होईल. उलटच झालं. पाटल्या तिने सुनांना आधीच दिल्या होत्या, गोठ विकून दादाची फी भरली होती, त्याचं काही नाही. फक्त एक बारीक अंगठी सोडत नव्हती. 1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं आणि 14 कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी आली, आईचं लग्न त्याच उन्हाळ्यातलं. तर ती चौदा कॅरेटची अंगठी, बाबांनी पहिल्या पगारातून केलेली. सराफ म्हणाला यात फार काही निघणार नाही. निघणार नाही तर नको काढू, म्हणाली आई.

मग वाटप. मोठ्या वस्तूंचं आम्ही उगाच टेन्शन घेतलं होतं. घंगाळ दुरुस्त होईल का बघायला कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन गेले, तिथल्या कारागिराने उलटं करून प्रकाशात धरलं आणि हे हाताने मठारलेलं काम आहे म्हणून कौतुकाने मला ते ठोके दाखवले, अंगभर एकसारखे, मोडीत घालू नका म्हणाला. मी घरी येऊन आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं तर तिने सहज ते भाचीला देऊन टाकलं. बंबही दिला. "रोज पहाटे पेटवायचे मी तो, डोळे जायचे धुराने. न्या." महाग, देखण्या, जुन्या वस्तूंवर तिचा जीव असेल हा आमचा अंदाज होता. जीव होता तो चेपलेल्या डब्यावर, पोचा आलेल्या गडूवर, आणि एका जर्मनच्या पातेल्यावर ज्याला मोडीत कुणी धड पैसेही दिले नसते. त्या पातेल्यात बाबांच्या आजारपणात ती पेज करायची.

मोडीत जाणारी भांडी निघाली तेव्हा आईने एकच सांगितलं, नावं बघून द्या. म्हणजे ज्यावर एखाद्या घराचं नाव आहे ते आधी त्या घरी विचारा. हे काम वेळखाऊ झालं पण सगळ्यात सुंदर झालं. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले, तुमच्या आजीने आमच्या आईला 1966 ला दिलेली कळशी, हवी का? कोल्हापूरहून एकजण मुद्दाम घ्यायला आला. एका घरात आता कुणीच नाही असं कळलं, ती वेळणी आईने स्वतःकडे ठेवली.

मध्ये एकदा शुक्रवार पेठेतल्या केळकर म्युझियमलाही नेलं तिला. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं केलेलं, 1975 मध्ये हजारो वस्तूंसकट राज्य सरकारला देऊन टाकलेलं ते म्युझियम. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातलं सामान बघून आई खूश झाली, एका भांड्यापाशी रेंगाळून मला हळूच म्हणाली, "यावर नाव कुणाचं आहे गं?" काचेतून दिसत नव्हतं. बरोबर आलेल्या भाचीला तिने मग तिथेच उभ्याउभ्या शकुंतला भांड्यातून पाणी कसं वाढायचं ते हाताने करून दाखवलं.

नवीन फ्लॅटमध्ये पलंग, घड्याळ, देव्हारा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लावलं. भांडी मात्र आम्ही शोकेसमध्ये नाही ठेवली, वापरात आणली. त्यासाठी कल्हईवाला शोधावा लागला, फार थोडे राहिलेत आता, शेवटी ओळखीतून एक मिळाला. कल्हईशिवाय पितळेत आमटी-ताक कळकतं हे आई अजून पोळ्याच्या बाईंनासुद्धा बजावते. डब्यात तिचे लाडू असतात, गडूत पिण्याचं पाणी. पहिले काही आठवडे अवघड गेले, खोटं कशाला सांगू. रात्री उठायची, हे कुणाचं घर, मला माझ्या घरी सोडा. कधी गडू हातात दिला की पाणी पिऊन शांत व्हायची, कधी नाही व्हायची, मग दिवा लावून शेजारी बसून राहायचं. आता बरीच रुळलीये. दुपारी वही मागते, स्वतः वाचते, आणि वाचताना काहीतरी नवीन निघालं की मला ऑफिसमध्ये फोन करते, लिहून घे म्हणून.

एका फुलपात्राचं पान मात्र अजून रिकामं आहे. त्यावर नुसतं "स. वि. कडून" एवढंच आहे, ना तारीख ना निमित्त. आईला माहीत नाही, मावशीला नाही, मामाच्या घरी कुणाला नाही. बाबांच्या ऑफिसातलं कुणी असेल असा मावशीचा तर्क आहे. नागपूरला बाबांची एक चुलत बहीण आहे, नव्वदीची पण स्मरण खणखणीत, तिला या रविवारी व्हिडिओ कॉलवर फुलपात्र दाखवणार आहोत.